तापाला जागणारा ब्रेक



आपल्या नंदुरबार जिल्ह्यात मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक नाही. तरीही शर्यतीच्या ब्रेक पॅडवर मला इथेच बोलावंसं वाटलं, कारण आपल्याकडे तोरणमाळचा सातपायरी घाट आहे, धडगावच्या वाटेवर चांदसैलीचा घाट आहे. आणि ब्रेकच्या अस्तराचा धंदाच मुळात उतारावर जन्मला. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगरात घोडागाड्या उतरताना गाडीवान ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुना बूट लावत. ते हर्बर्ट फ्रूड यांनी पाहिलं आणि 1897 मध्ये ठोकळ्यासाठी खास अस्तर बनवायला घेतलं. फेरोडो ही कंपनी त्यातूनच उभी राहिली.

ब्रेक वेगाची उष्णता करतो आणि ती हवेत सोडतो. थोडा हिशेब करू. माणसांसकट 1200 किलोची गाडी ट्रॅकवर ताशी 150 किलोमीटरवरून 60 वर आणली, तर सुमारे पावणेनऊ लाख जूल ऊर्जा निघते. तीच गाडी तोरणमाळच्या सुमारे 1150 मीटर उंचीवरून शहाद्याच्या सपाटीला आली, की उतरते जवळजवळ हजार मीटर. ती ऊर्जा होते एक कोटी सतरा लाख जूलच्या आसपास, म्हणजे ट्रॅकवरचे तेरा जोरदार ब्रेक! त्यातला काही भाग हवा आणि इंजिन घेतं, उरलेला ब्रेकला पचवावा लागतो. ट्रॅकवर उष्णता काही सेकंदांत उसळते, पण पुढच्या सरळ पट्ट्यात वारा डिस्क थंड करतो. घाटात ती सावकाश साठते आणि संथ गाडीला वाराही पुरेसा मिळत नाही.

म्हणून पॅड घेताना पहिला प्रश्न किमतीचा किंवा कंपनीचा नसावा. माझी डिस्क किती तापते, हा असावा. शर्यतीतले मेकॅनिक डिस्कच्या कडेला ठरावीक तापमानाला रंग बदलणारे रंग लावतात आणि फेऱ्या मारून झाल्यावर ते वाचतात. मग ज्याच्या कामाच्या पट्ट्यात ते तापमान बसतं, तो पॅड निवडतात. रस्त्यावरचा साधा पॅड थंड असतानाही धरतो, पण साधारण 300 ते 400 अंश सेल्सिअसपुढे त्यातली राळ जळू लागते, वायू सुटतो आणि पकड ढिली पडते. पेडल दगडासारखं घट्ट लागतं, गाडी मात्र पुढे जातच राहते. शर्यतीचा पॅड 600 अंशांपुढेही टिकतो. फॉर्म्युला वनचे कार्बनचे ब्रेक तर हजार अंशांपर्यंत जातात.

मग शर्यतीचाच पॅड आपल्या गाडीला का लावू नये? कारण तो थंड असताना नीट धरत नाही. सकाळी घरातून निघालात, पहिल्या चौकात लेकरू आडवं आलं, तर त्या क्षणी तो पॅड अजून जागाच झालेला नसतो. शिवाय तो किंचाळतो आणि डिस्क खातो. प्रत्येक पॅड आपापल्या तापाला जागतो. सगळ्या तापांचा एकच पॅड कुणी बनवलेला नाही.

दुसरी गोष्ट पकडीच्या स्वभावाची. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखणारा माणूस लगाम हळूच ओढून बघतो. किती ओढलं की किती ऐकतो, हे त्याला कळायला हवं असतं. पॅडचंही तसंच आहे. पाय टेकताच कचकन धरणारा पॅड नवशिक्याला जोरदार वाटतो, पण चाक लॉक झालं की गाडी हातची गेली. शेवटी गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. टायर साधा असेल तर जहाल पॅडचा उपयोग नाही. पुढचे पॅड एका जातीचे आणि मागचे दुसऱ्या जातीचे बसवताना तोलही सांभाळावा लागतो. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते.

तिसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 4 ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर ही हमी 155 वर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. पॅड जितका झिजलेला, तितकी उष्णता ऑइलकडे लवकर पोचते. म्हणून ट्रॅकवर जाणारे अर्धा झिजलेला पॅडही बदलतात. आणि नवा पॅड बसवल्यावर आधी वेगावरून ओळीनं काही ब्रेक मारून तो डिस्कवर बसवावा लागतो, मग पेडल दाबून न ठेवता गाडी चालवत डिस्क थंड करावी लागते. असं केलं की डिस्कवर पॅडचा पातळ, एकसारखा थर चढतो.

विद्यार्थ्यांनो, सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की पिथमपूर आहे. तिथे बाहा स्पर्धेत कॉलेजची मुलं स्वतः बांधलेल्या गाड्या उतरवत आली आहेत. त्यांच्या ब्रेक चाचणीत चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. ती चाचणी पार झाल्याशिवाय गाडी शर्यतीत उतरत नाही. वेगाची परवानगी आधी ब्रेककडून घ्यायची, हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या घाटात तो नियम पाळणं प्रत्येकाच्या हातात आहे. पावसाळ्याआधी पॅडची जाडी बघा, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी तरी बदला. तोरणमाळच्या माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधीच, खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडू नका. इंजिनानं जितका भार उचलला, तितका पॅड गार राहतो. मग शेवटच्या वळणावर समोरून भरलेली जीप आली, की तुमच्या पायाखाली ब्रेक शिल्लक असेल.