मूळ सायकल कोणती?



‘ओव्हरहॉलिंग’ या इंग्रजी शब्दाचे आपल्या सायकल दुकानांत केव्हाच ‘ओव्हरऑइलिंग’ झाले. दुकानाच्या पाटीवर तसेच लिहिलेले असे आणि कुणाचे काही अडत नसे. शिकलेली माणसे त्याला हसत. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. शब्द बाहेरून आला, इथल्या तेलकट हातांतून गेला आणि इथला झाला. आज ज्या सायकलीविषयी मी बोलणार आहे, तिचेही असेच झाले.

ही सायकल माझ्या वडिलांची. अब्बा सांगलीच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवायचे. आम्ही राहायला मिरजेत. रोजचे जाऊन-येऊन वीसएक किलोमीटर होत. १९६१ साली मिरजेतल्या एका डॉक्टरांनी मोटार घेतली आणि त्यांची रॅले सायकल अब्बांनी दीडशे रुपयांना जुनी म्हणून विकत घेतली. पुढे तीस वर्षे ती मिरज-सांगली रस्त्यावर धावली. छापखान्यात संगणक आला, खिळे वितळवायला गेले, अब्बा घरी बसले. सायकल सांगलीला आपाच्या घरी गेली आणि गावभागातल्या त्या घराच्या जिन्याखाली उभी राहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला. घर पाण्यात, सायकलही पाण्यात. पाणी ओसरल्यावर जिन्याखाली गाळाचा एक ढीग होता आणि त्यातून हँडल तेवढे वर आले होते.

पुढच्या वर्षी टाळेबंदी लागली. दुकाने बंद, मिस्त्री घरात, मीही घरात. मी बी. ए. मराठीचा. हातात पाना धरण्याचे शिक्षण नाही. पण वेळ भरपूर होता आणि सायकल अंगणात होती.

पहिली गोष्ट, खोलण्याआधी पाहावे. मी प्रत्येक भागाचे मोबाइलवर फोटो काढले. एकेका जागेचे नट, वायसर, छर्रे एकेका डब्यात ठेवून डब्यावर चिठ्ठी लावली. कंपोझिटरच्या केसमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला कप्पा असतो. ‘क’ च्या कप्प्यात ‘फ’ पडला तर पुस्तकभर त्रास. सायकलीतही तसेच. तळाच्या धुरीला, म्हणजे पायडलच्या दांडीला, दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छर्रे. मागच्या हबला पाव इंचीच, पण साधारणपणे नऊ-नऊ. पुढच्या चाकाचे छर्रे त्याहून बारीक. एखादा जास्त कोंबला की घासतो, एखादा कमी पडला की खडखडतो. म्हणून मोजून ठेवावेत.

दुसरी गोष्ट, जोर कुठे लावायचा ते कळले पाहिजे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. चालवताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून केलेली ती योजना आहे. ठाऊक नसेल तर माणूस सोडवतो असे समजून आवळत बसतो. क्रँक ज्या पाचरीने धुरीवर बसते ती कॉटर पिन गंजली, की हातोडीचे घाव सरळ छऱ्यांवर जातात. तिला चार दिवस तेल पाजावे, नट टोकाशी सपाट येईल एवढा ठेवावा, क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्यावा आणि मग एकच नेमका घाव घालावा.

आणि रॅलेचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. इतर सायकलींच्या तळाच्या कपांना इंचाला २४ आटे असतात. जुन्या रॅलेला २६. बाजारातला नवा कप तिथे बसत नाही, आणि दमदाटीने बसवला तर फ्रेमचे आटे जातात. जुना कप काळा दिसला तरी टाकू नये.

हे सारे मला शिकवले एका उस्तादांनी. वय ऐंशीच्या घरात. बसस्टँडजवळ त्यांचे दुकान होते, ते आधीच बंद झालेले. टाळेबंदीत भेटणे शक्य नव्हते, म्हणून फोनवर शिकवणी. चाकाचा आउट काढायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “फोन तारेजवळ धर बेटे, और बजा.” या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. मी एकेक तार बोटाने छेडत गेलो आणि ते तिकडून सांगत गेले, ही ढिली, ही ठीक, हिला पाव फेरा दे. सारख्या ताणाच्या तारा सारख्या बोलतात. वेगळा आवाज आला की तिथे चाक वाकडे व्हायला निघाले आहे असे समजावे.

आमची मिरज सतारींचे गाव. सतारमेकरांच्या गल्लीत अजून भोपळे वाळत घातलेले दिसतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची, असे सांगतात. शस्त्रांचे काम आटले आणि तेच हात तारा लावू लागले. उस्तादांचा कान याच गावातला.

सायकलीतला सर्वांत अवघड भाग मागचा हब. तीन गिअर त्याच्या पोटात. स्टर्मे-आर्चर कंपनीचा, १९३६ पासून निघत आलेला नमुना. हबवर बनवल्याचे साल आणि महिना ठोकलेला असतो. गाळ पुसल्यावर माझ्या हबवर ५४ आणि ३ हे आकडे दिसले. १९५४ चा मार्च. आत मधोमध एक दातेरी चाक, ते आसाशी पक्के. त्याभोवती फिरणारी चार छोटी चाके. कारागीर मधल्याला सूर्य म्हणतात आणि भोवतालच्यांना ग्रह. मधल्या गिअरमध्ये चाक चेनच्या दातेरी चक्राबरोबर फिरते, वरच्यात एक तृतीयांश जास्त, खालच्यात एक चतुर्थांश कमी. उजवीकडची मोठी चकती काढण्याआधी तिच्यावर आणि हबवर समोरासमोर खूण करावी. तिचे आटे दोन जागी सुरू होतात; दुसऱ्या जागी बसली तर चाकाला आउट येऊ शकतो. आत कुत्ते असतात आणि त्यांच्या स्प्रिंगा केसासारख्या बारीक. इथे ग्रीस थापू नये, कुत्ते चिकटतात. खोबरेल तर नकोच, ते थंडीत गोठते. पातळ मशीन ऑइलचे चार थेंब पुरतात.

या हबची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. नावात हेन्री स्टर्मे आणि जेम्स आर्चर आहेत. पण १९०२ च्या सुमारास या तीन-गिअरी हबची मूळ रचना केली ती विल्यम राइली नावाच्या कारागिराने. आधीच्या एका कंपनीशी तो कराराने बांधलेला होता. म्हणून त्याच्या रचनेचे पेटंट आर्चरच्या नावाने निघाले. हब जगभर गेला, राइलीचे नाव मागे राहिले. अब्बांनी जुळवलेल्या शेकडो पुस्तकांवर लेखकाचे नाव आहे, प्रकाशकाचे आहे, छापखान्याचेही आहे. त्यामुळे मला हे नवल वाटले नाही.

यंत्र चालू झाले, आता राहिला रंग. इथे खरा पेच आला. टाळेबंदी उठल्यावर जुन्या सायकली जमवणारे एक गृहस्थ पाहायला आले. जाणकार, सज्जन माणूस. त्यांनी पुढच्या बिल्ल्यावरची बगळ्याची मान पाहिली, नॉटिंगहॅमचे नाव वाचले आणि खूश झाले. रॅलेचे नाव असलेल्या सायकली आपल्याकडे आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातही होत, ही विलायतेतली. मग त्यांनी दोष मोजले. कॅरिअर मूळचे नाही. ते मिरजेच्या लोहाराने ठोकलेले आहे, पुस्तकांचे गठ्ठे पेलावेत म्हणून जाड सळईचे. मागच्या फॉर्कवर पितळेचा जोड आहे. सीटचे चामडे मूळचे नाही, आमच्या पेठेतल्या मोच्याने ताणून बसवलेले आहे. हे सगळे काढा, फ्रेमला नवा काळा रंग आणि सोनेरी रेघा द्या, सायकल १९५४ सारखी होईल, असे ते म्हणाले. किंमतही त्यांनी मनापासून चांगली सांगितली.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरी मनात आले, मूळ म्हणजे कोणते? नॉटिंगहॅमच्या कारखान्यात ही सायकल फार तर काही दिवस असेल. मिरज-सांगली रस्त्यावर ती तीस वर्षे होती. नॉटिंगहॅमचा तो कारखाना २००२ साली बंद झाला. स्टर्मे-आर्चरचे हब आज तैवानमध्ये होतात. पण या चाकाचे २८ बाय दीड इंचाचे टायर आजही आपल्याकडे साध्या दुकानात मिळतात, कारण आपल्या काळ्या सायकलीने तेच माप धरून ठेवले. मग ही सायकल कुठली?

मित्रहो, हा प्रश्न मला सायकलीमुळे पहिल्यांदा पडला असे नाही. कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो की कुणीतरी आपुलकीने विचारतो, “मराठी छान लिहिता हो, पण तुमची मूळ भाषा कोणती?” आमच्या घरात दखनी बोलतात, हे खरे. पण मी पाहिलेली पहिली अक्षरे अब्बांच्या बोटांत होती. शिशाची, उलटी, मराठी. ती अक्षरे मी उसनी आणली आहेत असे मला कधी वाटले नाही. वापराने जे आपले झाले, त्याला मूळ म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

फ्रेमच्या आडव्या दांडीवर एका जागी रंग साफ उडालेला आहे. तिथे मी बसायचो. माझ्याआधी आपा बसायची. अम्मी अंगणात खुर्ची टाकून माझे काम रोज पाहत असे, बोलत नसे. त्या दिवशी तिने त्या जागेवर बोट ठेवले आणि म्हणाली, “यहाँ रंग नको लगा.”

मी रंग दिला नाही. फ्रेम साबणाच्या पाण्याने धुतली, उघड्या लोखंडावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात दिला, उरलेल्या रंगावर मेण घासले. हँडल-रिमवरचा गंज काढायला सिगारेटच्या पाकिटातली चांदी पाण्यात भिजवून घासली. क्रोमला ओरखडा न पडता गंज निघतो. सीटचे चामडे सावलीत सावकाश वाळवले. पितळी जोड आहे तिथे आहे. कॅरिअरही आहे तिथेच आहे. त्या गृहस्थांनी पुढे एकदा येऊन सायकल चालवून पाहिली, तिन्ही गिअर टाकले आणि म्हणाले, “राहू द्या अशीच.”

तुमच्याही घरी जिन्याखाली अशी एखादी सायकल असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचे पायडल एकदा हाताने फिरवून पाहा. कुठला जोड कुणी घातला, कुठला पोचा कधी आला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. गावात जुना मिस्त्री असेल तर त्याच्याकडे आजच जा, कारण त्याचे दुकान मिटले की त्याच्या कानातले ज्ञान कुठे मिळणार नाही. आणि खोलायला घेतलीत, तर छर्रे मोजून ठेवायला विसरू नका.