दुसरी रांग : न्यू ऑर्लीन्समधील साहाय्य आणि आनंद



आजच्या व्याख्यानाचा प्रारंभ एका नावापासून करणे सोयीचे होईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जेथे मोठे वळण घेते, तेथे न्यू ऑर्लीन्स हे शहर वसले आहे. ह्या शहराच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत अनेक जुनी मंडळे आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावास एक ठरावीक बिरुद जोडलेले असते. आपल्या भाषेत ते 'सामाजिक साहाय्य आणि आनंद मंडळ' असे होईल. साहाय्य आणि आनंद हे दोन शब्द एकाच पाटीवर वाचून परक्या माणसास थोडे नवल वाटते. साहाय्य ही गंभीर गोष्ट. ती दुःखाशी निगडित असते. आनंद हा फुरसतीचा विषय. मग ह्या लोकांनी दोहोंची अशी सांगड का घातली असावी? ह्या एका प्रश्नाचा मागोवा घेतला, तर कृष्णवर्णीय अमेरिकन समाजाच्या अंतरंगातील बरेच काही आपल्या हाती येईल, असे मला वाटते.

परंतु त्याआधी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. दडपलेल्या माणसांच्या आनंदाविषयी बोलणे हे धोक्याचे काम आहे. गुलामांचे मालक म्हणत असत, 'आमचे गुलाम गातात, नाचतात. अर्थात ते सुखी आहेत.' गुलामगिरीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस ह्यांनी १८४५ मध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी ह्या युक्तिवादाचे खंडन केले आहे. गुलामांचे गाणे हे समाधानाचे लक्षण नसून वेदनेचे आहे, असे त्यांनी बजावले. नाताळच्या सुटीत मालक गुलामांना मुद्दाम मद्य व मौजमजा ह्यांत गुंतवून ठेवत, म्हणजे बंडाची वाफ परस्पर निघून जाई, हेही त्यांनी दाखवून दिले. तेव्हा आनंदाचा शोध घेणाऱ्याने प्रथम विचारले पाहिजे : हा आनंद कोणी योजलेला आहे? त्याचा खर्च कोण करतो? आणि तो संपल्यावर माणसांपाशी काय उरते?

हे तीन प्रश्न मनात ठेवून आपण न्यू ऑर्लीन्सकडे वळू.

हे शहर फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवले. पुढे ते स्पेनच्या ताब्यात गेले आणि १८०३ मध्ये संयुक्त संस्थानांकडे आले. फ्रेंच अमलाखालील कायद्याने रविवारी गुलामांकडून काम करवून घेण्यास बंदी होती. ह्या एका दिवसाचा उपयोग गुलामांनी असा केला की, शहराच्या पिछाडीस एका मोकळ्या मैदानात ते जमू लागले. ह्या मैदानाला पुढे काँगो चौक असे नाव पडले. १८१७ मध्ये नगरपालिकेने गुलामांच्या मेळाव्यांवर निर्बंध घातले आणि नगराध्यक्ष ठरवून देईल त्याच जागी, रविवारी, सूर्यास्तापर्यंत जमण्याची मुभा ठेवली. तेथे आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून आणलेली माणसे आपापली वाद्ये वाजवीत, वर्तुळे करून नाचत. त्याच मैदानात ती बाजारही भरवीत. स्वतः पिकवलेला भाजीपाला, स्वतः केलेले खाद्यपदार्थ विकत. स्पॅनिश अमलात गुलामास पैसे साठवून आपले स्वातंत्र्य विकत घेण्याचा हक्क होता. काहींनी तो बजावलाही. म्हणजेच, प्रारंभापासूनच नाच आणि बचत ही एकाच मैदानात नांदत होती.

बेंजामिन लाट्रोब ह्या नामांकित वास्तुशिल्पज्ञाने १८१९ मध्ये हा मेळावा पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. त्यास ते संगीत रुचले नाही. पण त्याच्या टिपणांमुळेच आपल्याला त्या वाद्यांची कल्पना येते. पुढील वर्षी लाट्रोब त्याच शहरात पीतज्वराने मरण पावला. ह्या शहरात मृत्यू काही दूरचा पाहुणा नव्हता. सखल दलदलीची जमीन, डासांचा सुळसुळाट आणि बंदरातून येणाऱ्या साथी ह्यांमुळे तेथे एकामागून एक संकटे येत. १८५३ च्या पीतज्वराच्या साथीत सुमारे आठ हजार माणसे दगावली.

अशा ठिकाणी गरिबाला दोन गोष्टींची धास्ती असे. आजारी पडलो तर जवळ कोण बसणार? आणि मेलो तर मातीला कोण नेणार? ह्या धास्तीतूनच परस्पर साहाय्य मंडळ्या जन्मास आल्या. ही कल्पना केवळ न्यू ऑर्लीन्सची नव्हे. उत्तरेकडे फिलाडेल्फिया येथे रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स ह्यांनी एप्रिल १७८७ मध्ये मुक्त आफ्रिकन मंडळी स्थापन केली होती. सभासदाने दरमहा एक शिलिंग द्यावा आणि त्यातून गरजू, आजारी व विधवा ह्यांना आधार मिळावा, अशी तिची घडण होती. १७९३ मध्ये त्या शहरात पीतज्वर उसळला तेव्हा ह्या मंडळीच्या लोकांनी घरोघर जाऊन गोऱ्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि प्रेते उचलली. कृष्णवर्णीयांना हा ज्वर होत नाही, असा तेव्हा समज होता. तो खोटा ठरला; सेवा करणारेही आजारी पडले व मेले. एवढे करून त्यांच्यावर पैसे उकळल्याचा आरोप झालाच. ॲलन आणि जोन्स ह्यांनी १७९४ मध्ये पुस्तिका छापून जमाखर्चानिशी त्यास उत्तर दिले.

न्यू ऑर्लीन्समध्ये मुक्त कृष्णवर्णीयांनी १८३६ मध्ये 'इकॉनॉमी' नावाची मंडळी काढली आणि १८५७ मध्ये तिचे स्वतःचे सभागृह उभे राहिले. यादवी युद्धानंतर, म्हणजे १८६५ नंतर, गुलामगिरी संपली तशा अशा मंडळ्या झपाट्याने वाढल्या. १८८४ मध्ये स्थापन झालेले 'यंग मेन ऑलिंपियन' मंडळ आजही चालू आहे. ह्या मंडळ्यांचे काम मोठे नेमके असे. सभासद ठरलेली वर्गणी भरीत. मंडळी एखाद्या वैद्याशी व औषधविक्रेत्याशी करार करी, आणि सभासदाचे दुखणे निघाले की वैद्य घरी येई, औषध मिळे. आजाऱ्याजवळ बसण्यासाठी सभासदांच्या पाळ्या लावल्या जात. विमा कंपन्या त्या काळी कृष्णवर्णीयांचा विमा एक तर उतरवीत नसत, किंवा कमी भरपाई देत. ती उणीव ह्या मंडळ्यांनी भरून काढली. तेथील जमिनीत पाणी वर असल्याने आणि जुन्या रिवाजामुळेही अनेकांना जमिनीच्या वर बांधलेल्या थडग्यात ठेवतात. असे थडगे बांधणे एकट्या गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून कित्येक मंडळ्यांनी सभासदांसाठी सामाईक थडगी बांधली.

आता आनंदाकडे येऊ. सभासद मेला की मंडळी त्याच्या अंत्ययात्रेसाठी बँडपथक बोलावी. यादवी युद्धानंतर लष्करी बँडची पितळी वाद्ये शहरात सहज मिळू लागली होती आणि कृष्णवर्णीय वादकांनी ती आपलीशी केली होती. अंत्ययात्रेची रीत अशी : प्रार्थनेनंतर शव घेऊन मिरवणूक निघते, तेव्हा बँड संथ लयीत भजनाचे शोकस्वर वाजवतो. ताशाचा खणखणाट दबावा म्हणून त्याच्या तारा सैल करतात किंवा त्यांत रुमाल घालतात. माणसे पाऊल ओढत, थबकत चालतात. मग दफन झाल्यावर, किंवा शववाहिनीला वाट करून देऊन 'देह मोकळा' केल्यावर, ताशाच्या तारा पुन्हा ताणल्या जातात, ट्रंपेट एक हाक देतो आणि संगीत एकदम उसळते. मंडळाचे सभासद व बँड ही पहिली रांग. त्यांच्यामागून छत्र्या उंचावीत, रुमाल फिरवीत जे नाचत येतात, ते शेजारीपाजारी, पोरेसोरे, वाटसरू, ती दुसरी रांग. दुसऱ्या रांगेला आमंत्रण लागत नाही.

ह्या रीतीकडे नीट पाहावे. आनंद येथे शोकाच्या जागी आलेला नाही. तो शोकाच्या पाठोपाठ आलेला आहे. संथ चाल पुरी झाल्याखेरीज द्रुत चालीस प्रारंभ होत नाही. एखाद्या कुटुंबाला आपले दुःख गिळून टाक, असे कोणी सांगत नाही. आणि त्या दुःखात त्याला एकटे बसूही दिले जात नाही. मला वाटते, बरे होणे ह्या शब्दाचा एक अर्थ येथे सापडतो. जखम विसरणे म्हणजे बरे होणे नव्हे. आपल्या जखमेच्या वेगाशी जुळवून चार माणसे आपल्यासोबत चालली, आणि योग्य क्षणी त्यांनी पावलांची गती वाढवली, तर मनुष्य पुन्हा चालू लागतो.

आपल्या तीन प्रश्नांची उत्तरेही आता देता येतात. हा आनंद मालकाने योजलेला नाही. तो सभासदांनीच नियम करून योजलेला आहे. त्याचा खर्च त्यांच्याच वर्गणीतून होतो. आणि मिरवणूक संपल्यावर उरते ती मंडळी, वहीखाते आणि शेजार. डग्लस ह्यांनी निषेध केला तो हा आनंद नव्हे.

ह्याच मातीत जॅझ संगीत वाढले. १९०१ मध्ये जन्मलेले लुई आर्मस्ट्राँग लहानपणी अशाच बँडांच्या मागे दुसऱ्या रांगेतून फिरत. १९०९ मध्ये प्रथम रस्त्यावर उतरलेल्या 'झुलू' मंडळाने १९४९ च्या मार्डी ग्रा उत्सवात त्यांना आपला राजा केले. ह्या संगीताचे नाद आपल्या देशापर्यंतही पोचले. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांची पथके वाजवीत असत, आणि गोव्याच्या वादकांनी त्यांच्यापासून पुष्कळ काही घेतले. त्यापूर्वीचा एक धागा तर अधिक मोलाचा आहे. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सत्पुरुषांना अर्पण केला होता.

तथापि आनंदाचे गुणगान करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. मिरवणुकांनी वंशभेद थांबला नाही. १८९२ मध्ये ह्याच शहरातील होमर प्लेसी हे गोऱ्यांसाठी राखलेल्या आगगाडीच्या डब्यात जाणूनबुजून बसले. नागरिकांच्या एका समितीने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १८९६ मध्ये निकाल विरुद्ध लागला आणि पृथक्करणाला पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कायद्याचे कवच मिळाले. प्लेसी ह्यांना राज्यपालांनी मरणोत्तर माफी दिली ती २०२२ मध्ये. १९६६ मध्ये ट्रीमे वस्तीलगतच्या क्लेबोर्न मार्गावरील ओकवृक्षांच्या रांगा तोडून तेथे उन्नत महामार्ग बांधण्यात आला. त्या वृक्षांच्या सावलीत पिढ्यान् पिढ्या कृष्णवर्णीय कुटुंबे उत्सवासाठी जमत असत. आज त्या पुलाच्या काँक्रीटच्या खांबांमधूनच मिरवणुका जातात. पुलाखाली वाद्यांचा नाद घुमतो म्हणून वादक तेथे मुद्दाम जोर लावतात; पण नाद चांगला घुमतो म्हणून तोडलेली झाडे परत येत नाहीत.

सर्वांत मोठी कसोटी २००५ मध्ये लागली. २९ ऑगस्ट रोजी कट्रिना चक्रीवादळ आले, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. आपत्तीत एकूण हजाराहून अधिक माणसे मेली. गरिबांचा जुना आधार असलेले चॅरिटी रुग्णालय त्यानंतर पुन्हा उघडले नाही. २००० मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८५ हजार होती; २०१० मध्ये ती सुमारे ३ लाख ४४ हजारांवर आली. कृष्णवर्णीय रहिवासी एक लाखाहून अधिक घटले. ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी शेजार ही वस्तूच उरली नाही.

तरीही ऑक्टोबर २००५ मध्ये, चिखल पुरता वाळलाही नव्हता तोच, ऑस्टिन लेस्ली ह्या प्रसिद्ध पाकशास्त्रज्ञांच्या स्मरणार्थ बँडसह मिरवणूक निघाली. ह्यूस्टन, अटलांटा अशा दूरच्या शहरांत विखुरलेले सभासद पुढे रविवारच्या मिरवणुकीसाठी लांबचा प्रवास करून येऊ लागले. ज्यांना राहण्यास घर नव्हते, ते चार तास आपल्या रस्त्यावरून चालण्यासाठी येत होते. कोण वाचले, कोण कोठे आहे, कोणाला काय हवे, हे तेथे कळत असे.

२००६ च्या जानेवारीत झालेल्या एका मोठ्या मिरवणुकीनंतर गोळीबार झाला. तेव्हा शहराच्या प्रशासनाने पोलीस बंदोबस्ताचे शुल्क कितीतरी वाढवले. हिंसेची चिंता खोटी नव्हती. परंतु वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांना ते शुल्क परवडणारे नव्हते, आणि मिरवणूक बंद पडली असती तर परतण्याचे एक कारण नाहीसे झाले असते. मंडळांनी एकत्र येऊन संघीय न्यायालयात दाद मागितली. रस्त्यावर एकत्र चालणे हा अभिव्यक्तीचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २००७ मध्ये तडजोड होऊन शुल्क कमी झाले. मला ही घटना फार अर्थपूर्ण वाटते. प्लेसी ह्यांच्या वेळी नागरिकांची समिती आगगाडीच्या डब्यासाठी न्यायालयात गेली होती. त्यांचे वारस नाचण्याच्या रस्त्यासाठी गेले. दोन्ही वेळा मागणी एकच होती : ह्या शहराच्या सार्वजनिक जागेत आम्हांला समान स्थान असावे.

२०२० मध्ये करोनाची साथ आली, आणि ह्या रीतीच्या मुळावरच घाव बसला. 'झुलू' मंडळाने आपले अनेक सभासद गमावले. त्या वसंतात मृतांना बँडाशिवाय, दुसऱ्या रांगेशिवाय पोचवावे लागले. रविवारच्या मिरवणुका बंद पडल्या. पुढील वर्षाच्या शरद ऋतूत त्या पुन्हा सुरू झाल्या.

श्रोतेहो, प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता फारसे अवघड नाही. साहाय्य आणि आनंद ही दोन कामे त्या लोकांनी कधी वेगळी मानलीच नाहीत. ज्या वहीत आजाऱ्याच्या औषधाचा खर्च लिहिला जाई, त्याच वहीत बँडाचाही खर्च लिहिला जाई. ज्यांच्या आयुष्याची किंमत बाजारात लिलावाने ठरवली गेली होती, त्यांनी मृत्यूच्या दिवशी तरी आपल्या माणसाची किंमत स्वतः ठरवली. त्यासाठी त्यांनी वर्षभर पै-पै जमवली. आणि तो दिवस आला तेव्हा ज्याच्याजवळ देण्यासारखे काहीच नव्हते, त्यालाही मागच्या रांगेत जागा ठेवली.