नळीत अडकलेला खडा आणि दुर्बीण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, सोलापूरचा उन्हाळा मी तुम्हाला वेगळा सांगायला नको. पारा चाळिशीच्या पुढे गेला की सात रस्त्याच्या आसपासच्या दवाखान्यांत कंबर धरून येणारी माणसे वाढतात. त्यांत यंत्रमागावरचे कामगार बरेच असतात. शेडमध्ये उकाडा, अंगातून घामाच्या धारा आणि माग सोडून पाणी प्यायला सवड नाही. मग लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार साचतात आणि खडा धरतो.

हा खडा मूत्रपिंडात असेपर्यंत पुष्कळदा गप्प असतो. मूत्रवाहिनीत उतरला की मात्र धडधाकट माणूस जमिनीवर लोळतो. ही नळी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. मूत्रपिंडातून निघताना, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना ती आणखी चिंचोळी होते. सात रस्त्यावर कोंडी झाली तर आपण दुसऱ्या वाटेने निघतो. इथे वाट एकच.

पाच मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे पाणी आणि औषधांवर आपोआप पडतात. हुलग्याचे कढण घेतले तर माझी हरकत नाही, तेवढेच पाणी पोटात जाते. पण कॅल्शियमचा खडा त्याने विरघळत नाही. चार ते सहा आठवड्यांत खडा हलला नाही, तर वाट पाहू नये. आणि दुखायचे थांबले म्हणजे खडा पडला, असे धरून तर मुळीच चालू नये. नळी तुंबलेलीच राहते, कळ थांबते आणि मूत्रपिंड निमूटपणे निकामी होत जाते. अशी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून जरा जोर देऊन सांगतो.

पूर्वी अशा खड्यासाठी पोटावर किंवा कुशीत मोठा छेद घ्यावा लागे. १९८०च्या सुमारास स्पेनचे डॉ. पेरेझ-कास्त्रो यांनी मूत्रवाहिनीतून थेट मूत्रपिंडापर्यंत पोहोचणारी लांब दुर्बीण वापरात आणली. आज अडीच-तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण लघवीच्या मार्गाने वर जाते आणि लेसरने खडा फोडता येतो. "मग हमखास निघेल ना, डॉक्टर?" असे नातेवाईक विचारतात. बहुतेकदा निघतो. पण हमखास म्हणताना मी थबकतो.

पहिली गोष्ट जागेची. मूत्राशयाजवळचा खडा सोपा. वरच्या टोकाचा अवघड, कारण दुर्बिणीतून सोडलेल्या पाण्याच्या दाबाने तो मागे, थेट मूत्रपिंडात पळतो. मग वाकणारी दुर्बीण हाताशी असावी लागते. खडा मोठा असला की वेळ लागतो, तुकडे मागे राहण्याची शक्यता वाढते. पण माझ्या मते आकारापेक्षाही त्रासदायक असतो तो दोन-तीन महिने एकाच जागी रुतून बसलेला खडा. त्याच्याभोवती नळीला सूज येते, मांस वाढते आणि खडा नीट दिसतही नाही. सहा मिलिमीटरचा ताजा खडा आणि तेवढाच जुना खडा यांत फार अंतर आहे. दोन महिने दुखणे अंगावर काढणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

कधीकधी नळीच इतकी अरुंद असते की दुर्बीण शिरत नाही. तिथे जोर करणारा सर्जन शूर नव्हे, बेफिकीर. नळी फाटू शकते. अशा वेळी आत एक बारीक नळी, ज्याला आम्ही स्टेंट म्हणतो, ठेवून बाहेर यावे. दोन आठवड्यांत मार्ग सैल होतो आणि दुसऱ्या खेपेस काम सोपे जाते. नातेवाइकांना वाटते, ऑपरेशन फसले. तसे नसते.

खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला, तर मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. तुंबलेल्या लघवीत पू झालेला असू शकतो आणि तो रक्तात पसरला तर जीव जातो. अशा वेळी आधी लघवीला वाट करून देतात, खडा नंतर काढतात. "तापावर गोळी द्या आणि आजच खडा काढा," असा आग्रह डॉक्टरांना करू नका.

ऑपरेशनला येताना जुन्या फिल्म जरूर आणा, पण ताजी तपासणीही करून घ्या. पंधरा दिवसांपूर्वीचा खडा आज तिथेच असेल असे नाही. क्वचित तो पडूनही गेलेला असतो!

आणि स्टेंट. खडा निघाल्यावरही तो पुष्कळदा काही दिवस आत ठेवतात. लघवीला जळजळ होते, कंबरेत ओढ लागते, हे चालायचेच. माझ्याकडचा एक मागवाला त्रास थांबला म्हणून तो काढायला आलाच नाही. वर्षाने आला, तेव्हा त्या स्टेंटवरच खडे धरले होते. एका खड्याच्या जागी तीन ऑपरेशने झाली. घरी जाताना स्टेंट काढायची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि घरातल्या आणखी एकाला ती सांगून ठेवा.