आकाशात वीज गेली तर?



विमानातली वीज मुख्यतः इंजिनांच्या जोरावर तयार होते.
इंजिनं बंद पडली, की वीजही धोक्यात.

अशा वेळी वैमानिकाचा पहिला धडा एकच…
आधी विमान सांभाळायचं.
रेडिओवर बोलणं नंतर.

15 जानेवारी 2009. न्यूयॉर्क.
उड्डाण होताच एका प्रवासी विमानावर पक्षी आदळले.
दोन्ही इंजिनांचा जोर गेला.

विमानाचे कॅप्टन सलनबर्गर यांनी लगेच शेपटीतलं छोटं इंजिन सुरू केलं.
ते वीज पुरवतं.
सूचनांच्या यादीत ही पायरी बरीच खाली होती, बरं का!
वीज टिकली. संगणकांची साथ टिकली.
विमान हडसन नदीत उतरलं.
सगळे 155 जण वाचले.

म्हणजे पुन्हा तेच…
आधी विमान सांभाळायचं.
सिम्युलेटरमध्ये वैमानिक हेच गिरवत असतात.

आणि तेही छोटं इंजिन नसेल तर?
अनेक विमानांत एक पंखा बाहेर येतो.
वाऱ्यावर फिरतो…
आणि अत्यावश्यक उपकरणं चालू ठेवतो.