न्हाणीघराचे दिवस कसे मोजावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी ही बाई न्हाणीघरावर बोलायला कशी उभी राहिली, असे काही जणींच्या मनात आले असेल. पण आपल्यापैकी पुष्कळ जणी तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींत राहतात, आणि त्या वयाला इमारतीची पहिली तक्रार सुरू होते ती न्हाणीघरातूनच. लोखंडी नळ आतून गंजून भरतात, खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येते, आणि गुडघे धरलेल्या सासूबाईंना बैठ्या संडासाऐवजी कमोड हवा असतो. तेव्हा काम निघणारच. ते किती दिवस चालेल, एवढाच प्रश्न मी आज घेतला आहे. कारण त्याचे उत्तर चुकले की त्याचा भार घरातल्या बायकांवर पडतो.

पूर्वी वाड्यात मोरी दुरुस्त करायची म्हटले तर चार दिवस परसात आडोसा केला की भागत असे. फ्लॅटला परसू नाही. एकच न्हाणीघर असले तर ते तोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता घरातली पाच माणसे कोठे जाणार, हे आधी ठरलेले हवे. तरुण माणसे शेजारी, नातलगांकडे, कचेरीत कशीतरी निभावतात. म्हातारे माणूस निभावू शकत नाही. रात्री दोनदा उठणाऱ्या सासऱ्यांना शेजाऱ्यांची घंटा वाजवायला सांगणार काय?

कंत्राटदाराला विचारले तर तो म्हणतो, “वहिनी, पंधरा दिवसांत चकाचक करून देतो.” तो अगदीच खोटे बोलत नाही बरे का. तो आपल्या माणसांच्या हातांचे दिवस मोजतो. सिमेंटचे आणि पाण्याचे दिवस तो मोजत नाही, आणि ते आपण मोजायचे असतात.

चारचौघींच्या घरातले, पाच फूट बाय सात फुटांचे एक न्हाणीघर घेऊ. जुन्या फरशा आणि खालची भर स्लॅबपर्यंत काढायची, पोती भरून मलबा खाली न्यायचा, याला दोन दिवस. नवे नळ भिंतीत घालायला तीन दिवस. मग भिंत बुजवण्याआधी नळांत पंपाने दाब देऊन ते एक दिवस तसेच ठेवायचे. काटा खाली आला तर सांधा कोठेतरी गळतो आहे. ही गळती आज सापडली तर दहा मिनिटांचे काम, आणि फरशा लागल्यावर सापडली तर भिंत पुन्हा फोडायची.

त्यानंतर भिंत आणि जमीन जेथे मिळतात ते कोपरे सिमेंटने गोल करून घ्यायला एक दिवस, आणि त्यावर पाणी अडवणाऱ्या लेपाचे दोन हात द्यायला दोन. पहिला सुकल्याशिवाय दुसरा देऊ नये, आणि दुसरा पुरता सुकेपर्यंत आणखी दोन दिवस हात लावू नये. किती वेळ थांबायचे ते डब्यावर छापलेले असते. डबा उघडण्यापूर्वी ते स्वतः वाचावे.

आता ज्या दोन दिवसांसाठी मी मुख्यतः उभी आहे ते सांगते. लेप सुकला की नहाणी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करायचे, दारात विटांचा बांध घालायचा, आणि दोन इंच पाणी भरून ते अठ्ठेचाळीस तास ठेवायचे. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची रेघ मारून ठेवावी. खालच्या वहिनींना आधीच सांगून त्यांच्या छताचे छायाचित्र काढून घ्यावे, म्हणजे जुना डाग कोणता आणि नवा कोणता याचा वाद उरत नाही. दोन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन वर पाहून यावे. या दोन दिवसांत कोणी कारागीर येत नाही, काही होताना दिसत नाही, आणि घरातले पुरुष म्हणतात, “काम बंद का?” कंत्राटदारालाही दुसऱ्या साइटवर जायचे असते. म्हणून कापले जातात ते नेमके हेच दोन दिवस. ते मात्र कोणी कितीही घाई केली तरी देऊ नयेत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-मोरीच्या गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. खालच्यांचे छत ओले झाले तर पैसे आपलेच, आणि जिन्यात तोंड चुकवणेही आपलेच.

परीक्षा उतरली की लेपावर उताराचा कोबा आणि भिंतींना गिलावा, दोन दिवस. उतार दर तीन फुटांना साधारण अर्धा इंच असावा. बादलीभर पाणी ओतून ते ट्रॅपकडे धावते की कोपऱ्यात साचते, हे फरशी लागण्याआधीच पाहून घ्यावे. मग सात दिवस पाणी मारणे. आपण म्हणतो सिमेंट वाळले पाहिजे, पण सिमेंट वाळून घट्ट होत नसते. पाण्याशी संयोग होऊन ते घट्ट होते, आणि पाणी उडून गेले की ती क्रिया थांबते. काँक्रीटसाठी भारतीय मानक 456 मध्ये साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस ओल राखायला सांगितली आहे. मोरीचा कोबा म्हणजे धरणाची भिंत नव्हे हे खरे, पण सिमेंट तेच असते. पोत्यावर ‘पीपीसी’ लिहिलेले असेल तर ते मिसळीचे, म्हणून तीन दिवस वाढवून धरावे.

पुढे भिंतींच्या फरशा चार दिवस, जमिनीची एक दिवस, त्यावर पाय न ठेवता एक दिवस, दरजा भरायला एक, आणि नळ-भांडी बसवायला दोन. आता बेरीज करा. हातांचे दिवस अठरा आणि थांबण्याचे तेरा, मिळून एकतीस. त्यात रविवार आले, गावी गेलेला किंवा आजारी पडलेला गवंडी आला. म्हणजे पाच आठवडे, आणि मिसळीचे सिमेंट असेल तर वर दोन-चार दिवस. कंत्राटदाराचे पंधरा दिवस कोठे आणि हे कोठे!

हे पाच आठवडेसुद्धा केव्हा पुरतील? घण पडण्याआधी सगळी निवड झालेली असेल तेव्हा. नळाचे जे अंग भिंतीत जायचे ते आधी हातात लागते. कमोडची निकासी भिंतीपासून किती इंचांवर, ते भांडे ठरल्याशिवाय नळवाल्याला कळत नाही. गीझरची तार आणि म्हाताऱ्या माणसांसाठी धरायच्या दांड्या कोठे येणार, हे गिलाव्याआधी ठरवावे. पोकळ विटांच्या भिंतीत दांडीसाठी आतून भरीव आधार द्यावा लागतो. दांडीची उंची सासूबाईंना उभे करूनच मोजावी, कारागिराच्या अंदाजावर सोडू नये. फरशा मोरबीच्या असोत की आणखी कोठल्या, दहा टक्के जास्त एकदमच आणाव्यात आणि सगळ्या खोक्यांवरचा लॉट क्रमांक एकच आहे ना ते पाहावे. नंतर चार फरशा कमी पडल्या म्हणजे तीच छटा मिळत नाही, आणि दुकानांच्या फेऱ्यांत आठवडा जातो.

हंगामाचे म्हणाल तर दिवाळी आटोपल्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस मला चांगले वाटतात. पावसाळ्यात लेप सुकत नाही. मे महिन्यात सिमेंटला पाजायला नळाला पाणी नसते. होळीला दूरगावचे कारागीर घरी जातात, गणपतीला कोकणातले. आणि घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर फेब्रुवारी-मार्चात घण वाजवू नये, हे सांगायला नकोच.

दोन न्हाणीघरे असतील तर एकेक करावे, दोन्ही एकदम तोडण्याचा मोह आवरावा. एकच असेल तर वडील माणसांची लेकीकडे किंवा धाकट्या दिरांकडे जाण्याची व्यवस्था पंधरा दिवसांची न करता दीड महिन्याची करावी. पाहुणे म्हणून गेलेल्या माणसाला “अजून चार दिवस राहू का?” असे दर आठवड्याला विचारायला लावणे फार वाईट. ज्यांच्याकडे असा आसरा नाही त्यांनी भांडे लावलेली कमोडची खुर्ची आणून खोलीत पडद्याआड ठेवावी. ती भाड्यानेही मिळते. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

पैसे दिवसांवर देऊ नयेत, टप्प्यांवर द्यावेत. एक हप्ता नळांचा दाब टिकल्यावर, एक पाण्याची परीक्षा उतरल्यावर, आणि शेवटचा घरच्यांनी आठ दिवस न्हाणीघर वापरल्यावर. हे कागदावर लिहून घ्यावे आणि त्याच कागदावर थांबण्याचे तेरा दिवसही लिहावेत. भला कंत्राटदार त्याला हरकत घेत नाही; उलट घाई करणाऱ्या घरवाल्यांपासून त्याचीही सुटका होते.

भिंत बुजवण्याआधी नळांची छायाचित्रे काढून ठेवायचे तेवढे विसरू नका. पुढे आरशासाठी भोक पाडताना ती उपयोगी पडतात. ज्या भगिनींकडे काम निघायचे आहे त्यांनी न्हाणीघराची मापे लिहून आणली असतील तर चहाच्या वेळी मजकडे यावे, आपण त्यांचे दिवस मांडून पाहू.