दीर्घ आजाराचा नकाशा



काल संयोजकांचा फोन आला. म्हणाले, ‘सर, विषय कर्करोगाचा, त्यातून आकडेवारी. उन्हाळ्याची संध्याकाळ आहे, जरा बेताने घ्या.’ बेतानेच घेतो. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे वर्ग पेंगायला लागला की मला फळ्याकडे तोंड करूनसुद्धा कळतं.

अमेरिकेतल्या दोन काउंट्यांपासून सुरुवात करू. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पण तिच्या आकाराचा काही भरवसा नाही. लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटीच्या घरात माणसं राहतात, तर टेक्सासमध्ये लव्हिंग नावाची काउंटी आहे, तिची सगळी वस्ती या मांडवातल्या पहिल्या चार रांगांत बसेल. अशा ३,००० हून जास्त काउंट्या त्या देशात आहेत. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ च्या जानेवारीत या काउंट्यांचे कर्करोगाचे मृत्युदर प्रसिद्ध केले. १९८० ते २०१४ या काळातल्या सुमारे १ कोटी ९५ लाख मृत्यूंचा तो हिशोब होता. देशाचा दर लाखामागे २४०.२ वरून १९२.० वर आला होता. म्हणजे बातमी चांगली. पण आतली पानं उलटली की कोलोरॅडोतल्या समिट काउंटीत दर दिसतो ७०.७ आणि फ्लोरिडातल्या युनियन काउंटीत ५०३.१. देश एक, वर्ष एक, आणि फरक सातपट.

आता तुमच्या मनात काय आलं ते मी सांगतो. युनियन काउंटीच्या पाण्यात काहीतरी असणार, नाहीतर एखादा कारखाना. माझ्याही मनात तेच आलं होतं. प्रत्यक्षात तिथे लेक बटलर नावाचं एक छोटं गाव आहे आणि गावाजवळ राज्याच्या तुरुंग खात्याचं रुग्णालय. राज्यभरातल्या तुरुंगांतले दुखणाईत कैदी तिथे आणून ठेवतात. त्यांतले काही तिथेच जातात आणि त्यांचा मृत्यू त्या काउंटीच्या खात्यावर चढतो. काउंटीची लोकसंख्या १५,००० च्या आसपास, त्यात कैद्यांचाच वाटा मोठा. पाणी बिचारं निर्दोष आहे. समिट काउंटी ९,००० फुटांवर, बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध. तिथे घर घेणारा माणूस मुळात धडधाकट असतो, आणि त्याचा खिसाही. आजार जडला की अशी माणसं खाली मोठ्या रुग्णालयाजवळ उतरत असावीत, असं मानायला जागा आहे. मिळून काय, तर या दोन टोकांच्या आकड्यांत हवापाण्याची गोष्ट कमी आणि माणसांच्या ये-जा करण्याची जास्त आहे.

मागून कोणीतरी विचारतंय, वयाचं काय? बरोबर आहे. सदाशिव पेठेत मृत्युदर हिंजवडीपेक्षा जास्त निघणारच, कारण एकीकडे पेन्शनर आणि दुसरीकडे पंचविशीतली पोरं. म्हणून हिशोब करताना दोन्हीकडे वयाचा साचा सारखा धरतात. त्याला वय-प्रमाणित दर म्हणतात. वरचे सगळे आकडे तसेच आहेत. ही शंका इथेच मिटवू.

दुसरी शंका मात्र मिटत नाही. तिच्यात भलेभले फसतात. हॉवर्ड वेनर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने तिचा एक नमुना दिला आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा दर सगळ्यात कमी असलेल्या काउंट्या अमेरिकेच्या नकाशावर रंगवल्या, तर त्या बहुतेक ग्रामीण, विरळ वस्तीच्या निघतात. आपण लगेच मान डोलावतो. मोकळी हवा, ताजी भाजी, साधं आयुष्य. मग सगळ्यात जास्त दर असलेल्या काउंट्या रंगवल्या. त्याही ग्रामीण, विरळ वस्तीच्या! पुष्कळदा एकीला खेटूनच दुसरी. आपण पुन्हा मान डोलावायला तयार. बरोबरच आहे, दवाखाना लांब, गरिबी, तंबाखू.

आता जरा पाटीवरचं गणित करू. समजा, या रोगाने लाखात वर्षाला ४ माणसं जातात. हजार वस्तीच्या काउंटीत दहा वर्षांत किती मृत्यू अपेक्षित? ०.४. अर्धा माणूससुद्धा नाही. आणि माणूस अर्धा मरत नाही. कोणीच गेलं नाही, तर काउंटीचा दर शून्य, देशात पहिला नंबर. एकच माणूस गेला, तर दर लाखामागे १०, म्हणजे सरासरीच्या अडीचपट, रंग लालभडक. त्या एका माणसाचा भाचा पत्रकार असला, तर दुसऱ्या दिवशी ‘मृत्यूचा तालुका’ असा मथळाही येईल. लहान आकड्यांना झोके फार. दहा वेळा नाणं उडवून आठदा छाप पडलेली कोणीही पाहिली असेल. हजारदा उडवून आठशे वेळा छाप पडली, तर नाणं तपासून घ्या.

यावर उपाय काय? एक म्हणजे पुष्कळ वर्षांचे मृत्यू एकत्र मोजायचे. दुसरा अलीकडचा आणि मला फार आवडणारा: लहान काउंटीचा दर ठरवताना आजूबाजूच्या काउंट्यांचा अनुभव थोडा उसना घ्यायचा, शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तसा. सिॲटलवाल्यांनी तेच केलं. त्यामुळे रंग जरा फिकट होतात, पण खरेपणाच्या जवळ येतात.

नकाशा बरोबर असूनही माणूस चुकतो, त्याचंही उदाहरण आहे. १८७५ साली आल्फ्रेड हॅविलंड या इंग्रज डॉक्टराने इंग्लंड-वेल्समधल्या स्त्रियांच्या कर्करोगाचे नकाशे छापले. नोंदणी कार्यालयातल्या मृत्यूंवरून, पुष्कळ चिकाटीने. त्यावरून त्याने अनुमान काढलं की पुराचं पाणी तुंबणाऱ्या, चिकणमातीच्या सखल खोऱ्यांत हा रोग बळावतो आणि उंच चुनखडीच्या प्रदेशात कमी होतो. नकाशाकडे टक लावून बसलं की नकाशात जे आहे तेच कारण वाटू लागतं. नकाशात नद्या होत्या, म्हणून नद्या दोषी.

बरोबर शंभर वर्षांनी, १९७५ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने काउंटीवार नकाशांचं पुस्तक काढलं. १९५० ते १९६९ या वीस वर्षांचे मृत्यू, ३,०५६ काउंट्या. करणारे मेसन, मॅके, हूवर, ब्लॉट आणि फ्रॉमेनी. गंमत अशी, की हेच आकडे आदल्या वर्षी एका जाडजूड तक्त्यांच्या पुस्तकात छापून झाले होते. ते उघडून कोणाला काय दिसणार? रंग भरल्यावर दिसलं. फक्त एक नमूद करतो: हे पहिलं पुस्तक गोऱ्या लोकांपुरतं होतं, इतरांचं वेगळं, पुढच्या वर्षी आलं. तो देश आणि तो काळ.

या मंडळींचं मोठेपण मला नकाशा काढण्यात वाटत नाही. नकाशा काढून झाल्यावर ते उठले आणि लाल जागी जाऊन लोकांना विचारू लागले, यात वाटतं. जॉर्जियाच्या समुद्रकिनाऱ्यावर पुरुषांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाने काउंट्या रांगेने लाल झाल्या होत्या. सव्हाना, ब्रन्सविक ही बंदरं. रुग्णांना आणि मेलेल्यांच्या घरच्यांना विचारलं: आयुष्यात काय काय कामं केलीत? सिगारेट होतीच. पण ती वजा घालूनही एक काम पुन्हा पुन्हा पुढे आलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे घाईघाईने जहाजं बांधली जात होती आणि जहाजांच्या पोटातले पाइप, बॉयलर ॲस्बेस्टॉसने गुंडाळले जात. त्या गोद्यांत काम केलेल्यांना धोका दीडपटीहून जास्त निघाला. युद्ध १९४५ ला संपलं, गोद्या बंद झाल्या, माणसं शेतीला, दुकानाला लागली. तो धूर, ती धूळ कोणाच्या लक्षातही नव्हती. छातीत ती तेवढी वीस-तीस वर्षं राहिली.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आग्नेय अमेरिकेतल्या खेडोपाडी बायकांचा तोंडाचा कर्करोग नकाशावर लाल दिसला. बायकांचा! पुरुषांचा असता तर बिडी-सिगारेट-दारू म्हणून सोडून दिलं असतं. डेबोरा विन आणि तिचे सहकारी नॉर्थ कॅरोलायनात गेले. २५५ आजारी बायका आणि तुलनेसाठी त्यांच्या सुमारे दुप्पट, हा रोग नसलेल्या बायका, असा अभ्यास केला. १९८१ साली तो छापला. उत्तर होतं तपकीर. नाकात ओढायची नव्हे. तिथल्या बायका लहानपणापासून झाडाची काडी चावून तिचा कुंचला करत, तो तपकिरीत बुडवून हिरड्यांवर फिरवत, किंवा चिमूट गालात धरून दिवसभर कामं करत. सिगारेट न ओढणाऱ्या गोऱ्या बायकांमध्ये तपकीरवालीला धोका चौपट. गाल आणि हिरडीच्या कर्करोगापुरतं बोलायचं, तर वर्षानुवर्षं वापरणारीला जवळजवळ पन्नासपट.

तुम्ही हसताय ते मला कळतंय. हजारो मैलांवरचं हे चित्र ऐकताना कोणाला आपली आजी आठवली नाही? माझी आजी चुलीवर खापरात तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मग खलून, गाळून डबीत. सकाळी मशेरी लावल्याशिवाय तिला ‘कोठा साफ होत नाही’ असं ती म्हणायची. तंबाखू खाणारी बाई म्हटलं असतं तर तिने आम्हाला चुलीतलं लाकूड फेकून मारलं असतं. तिच्या लेखी मशेरी हे दातांचं औषध होतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या बायकांकडे काडी होती, आजीकडे बोट होतं, एवढाच फरक. त्या अभ्यासानंतर पाच वर्षांत, १९८६ ला, अमेरिकेत अशा तंबाखूच्या डब्यांवर इशारा छापणं सक्तीचं झालं आणि रेडिओ-टीव्हीवरच्या जाहिराती बंद झाल्या. मशेरीचा डबा घरीच भरला जातो. इशारा कशावर छापणार?

बाकीच्या लाल जागांचं भराभर सांगतो. जिथे तांबं, शिसं, जस्त गाळतात त्या काउंट्यांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त आणि बोट आर्सेनिककडे. उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडमधला मूत्राशयाचा कर्करोग तर चाळीस वर्षं कोडं बनून राहिला. २०१६ च्या अभ्यासात धागा सापडला तो जुन्या, हाताने खणलेल्या उथळ विहिरींचा आणि त्यांतल्या आर्सेनिकचा. म्हणजे पाणी कधीकधी खरंच दोषी असतं. फक्त ते घरोघर विचारून ठरतं.

आता काळाबरोबर काय बदललं? अमेरिकेत कर्करोगाचा मृत्युदर १९९१ ला शिखरावर होता. २०२२ पर्यंत तो सुमारे एक तृतीयांशाने उतरला. सिगारेट सुटली, तपासण्या वाढल्या, उपचार सुधारले. पण उतार सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचंच घ्या. १९७० च्या सुमारास या रोगाने मरणाऱ्या पुरुषांचा दर गरीब काउंट्यांत श्रीमंत काउंट्यांपेक्षा सुमारे वीस टक्के कमी होता. मांस, चरबी, बैठं काम, हे तेव्हा पैसेवाल्यांचे शौक. आज तोच दर गरिबांत तीस-पस्तीस टक्के जास्त आहे. रोगाने पक्ष बदलला. कारण आतड्याची तपासणी आली, ती ज्यांना परवडली त्यांनी करून घेतली, आणि स्वस्त, निकृष्ट खाणं गरिबांच्या ताटात गेलं. आता हा लाल पट्टा मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात आणि ॲपलाचियन डोंगरांत दिसतो.

त्याच डोंगरांतलं केंटकी मात्र एका बाबतीत सुधारलं. फुप्फुसाच्या कर्करोगात ते राज्य अजूनही देशात सगळ्यात वाईट म्हणावं असंच आहे. पण तिथल्या कर्करोग नोंदणीवाल्यांनी राज्याच्या पंधरा विभागांतल्या स्थानिक समित्यांपुढे त्यांचेच आकडे ठेवले. त्यातून आतड्याच्या तपासणीचं काम हाती घेतलं गेलं. १९९९ ला पन्नाशीपुढच्या एक तृतीयांश लोकांचीच तपासणी झालेली होती. बारा-तेरा वर्षांत ती दोन तृतीयांशांवर गेली. दुसऱ्याचा आकडा आपण वाचतो, आपला आकडा आपल्याला झोंबतो.

आणि आपला आकडा? सकाळच्या पेपरातलं निधनवृत्ताचं पान काढा. ‘अल्पशा आजाराने’, ‘दीर्घ आजाराने’. दीर्घ आजार म्हणजे काय, ते वाचणाऱ्याला कळतं, मोजणाऱ्याला नाही. देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने लिहून प्रमाणित केलेलं होतं. ज्या कागदावर अमेरिकेचा सगळा रंगीत नकाशा उभा आहे, तो कागद आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. आला तरी त्यावर पुष्कळदा ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असं असतं. ती बंद पडल्याशिवाय आजवर कोणी मेलेलं नाही.

तरी सुरुवात महाराष्ट्रानेच केली. देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने. शहरात निदान रुग्णालयांचे कागद तरी होते. खेड्यात काय? १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. कागद नव्हते, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरायला लागले. लक्षणं विचारायची आणि संशय आला तर माणसाला बार्शीच्या रुग्णालयात आणायचं. त्याच पायवाटांवरून पुढे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १,३१,७४६ बायकांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. २००९ ला निकाल छापला. ज्या गटात या कर्करोगाला कारण असलेल्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा झाली होती, तिथे आठ वर्षांत या रोगाने ३४ बायका गेल्या. ज्या गटात तपासणी नव्हती, तो आकाराने थोडा लहान असूनही तिथे ६४.

जगभर हा निकाल वाचला गेला. मला त्यात दुसरंच काही दिसत राहतं. परांड्याकडचं एखादं गाव, दुपारची वेळ, ओट्यावर दोघी-तिघी ज्वारी निवडतायत. वही घेतलेला कार्यकर्ता, बहुतेक कार्यकर्तीच, कारण असलं पुरुषाला कोण सांगणार, टेकते, पाणी पिते, पाऊसपाण्याचं विचारते. मग आवाज उतरवून म्हणते, ‘मावशी, आळीत कुणाच्या अंगावरून जातंय का? कुणाला घास गिळत नाही का?’ मावशी मशेरीची डबी पदराखाली सरकवते, इकडेतिकडे बघते, आणि मागच्या घराकडे बोट दाखवते.