रस्ता, टपरी आणि आपली वारी

(शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





मला चौथी झालेली. मळ्यात दारं धरायची आन् वेळ मिळाला की कीर्तन करायचं, एवढंच मला येतं. दिंडीची शंभर वर्षं झाली, तेव्हा बोला म्हणाले. मी म्हणलं, आज अभंग लावत नाही. ज्या वाटेनं शंभर वर्षं चाललो, त्या वाटेवरच बोलतो.

माझा आजा या दिंडीत चालायचा. तेव्हा सामान बैलगाडीत. चिखलात गाडी रुतली की टाळ खांद्याला अडकवून आठ-दहा जणांनी चाक ढकलायचं. माझ्या वडिलांच्या वेळी खडी आली, मग डांबर आलं. आता आपल्यापुढं सिमेंटचा रुंद रस्ता आहे. ८ नोव्हेंबर २०२१ ला त्याची पायाभरणी झाली. माऊलींचा मार्ग दिवेघाटापासून मोहोळपर्यंत सुमारे २२१ किलोमीटर, तुकोबारायांचा पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटर. चालणाऱ्यांसाठी कडेनं वेगळी वाट आराखड्यात धरलेली आहे. ते चांगलंच झालं. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की म्हातारी माणसं कशी दचकायची, ते आपण पाहिलंय.

आता रस्त्यानं पोट कसं भरतं ते सांगतो. माझं डाळिंब पुण्याला गुलटेकडीला जातं. पूर्वी खड्ड्यात टेम्पो आदळायचा आन् खालच्या थरातल्या फळाला डाग पडायचा. डागाळलेलं फळ वेगळं काढायचं आन् निम्म्या भावानं द्यायचं. उशीर झाला तर लिलाव उरकलेला. आता रात्री जेवून गाडी भरली की पहाटे बाजारात. फळ तेच, झाड तेच, पण हातात चार पैसे जास्त येतात. दूधवाल्याचं तसंच. एसटी वेळेवर आली तर शिवणकाम करणारी बाई तालुक्याला जाऊन कापड घेऊन दुपारी परत येते. रस्ता नीट नसला की मोठा दुकानदार तग धरतो. ज्याचं आजचं आजच विकायचं असतं, तो पहिला मोडतो.

आन् वारीत तर बघा. कोण तुळशीच्या माळा विकतं, कोण बुक्का. कोण पावसाचा कागद, कोण राजगिऱ्याचे लाडू. चप्पल शिवणारा, दाढी करणारा, मोबाइल चार्ज करून देणारा. ही सगळी रस्त्याच्या कडेला बसणारी माणसं. कितीतरी घरांची मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय या कमाईतून होते.

पण मायबापहो, एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिलेली आहे. ती आज तुमच्यापुढं कबूल करतो.

माझ्या बांधाच्या कडेला, लिंबाखाली, एक पंक्चरवाला बसायचा. वीस वर्षांच्या वर बसला. पत्र्याचं छप्पर, पाण्याची घमेली, हवेचा पंप. आपल्या दिंडीच्या पाण्याच्या टँकरचं चाक त्यानं किती वेळा काढलं असेल! वारकऱ्याच्या सायकलीला हवा भरली तर पैसा घ्यायचा नाही.

रस्त्याची मोजणी आली. साहेबांनी माझी जमीन लिहिली, पाइपलाइन लिहिली, विहीर लिहिली, आंब्याची झाडं मोजून लिहिली. मी त्यांच्यामागं फिरून एकेक दाखवत होतो. छपरापाशी आलो तर म्हणाले, हे कुणाचं? मी म्हणलं, माझं नाही. एवढंच बोललो. जमीन त्याची नव्हती, कागद नव्हता. मला मोबदला मिळाला, त्यात मी स्लॅबचं घर बांधलं. तो पंप डोक्यावर घेऊन गेला. कुठं गेला ते मी विचारलंसुद्धा नाही. आन् त्याच आठवड्यात मी कीर्तनात दया या विषयावर दोन तास बोललो.

पुढच्या वारीला आपला ट्रक आमच्या गावापाशीच रात्री पंक्चर झाला. आठवतं ना तुम्हाला? मधे उंच दुभाजक, वळायची जागा लांब, कडेला एक दिवा नाही. पाऊस चालू आन् आयाबाया ओल्या. तेव्हा मला तो लिंब आठवला. लिंबही तुटलेला होता.

वारी करून आलो आन् त्याला शोधला. दुसऱ्याच्या उसात मजुरी करत होता. माझ्यावर रागावला नाही, याचंच मला वाईट वाटलं. सेवा रस्त्याच्या कडेला माझी राहिलेली एक गुंठा जागा त्याला दिली. नुसती तोंडानं नाही, करार करून दिली. उद्या परत मोजणी आली तर त्याचंही नाव कागदावर पाहिजे. आता त्याच्याकडं हवेचं मशिन आहे, हाताखाली एक पोरगा आहे, शेजारी त्याच्या बायकोचा चहा. रस्ता चांगला झाल्यानं गाड्या वाढल्या, त्याचा धंदा पहिल्यापेक्षा बरा चालतो. पण मधली दोन वर्षं त्याची गेली, ती मी देऊ शकत नाही.

शेतकऱ्याला कळेल असं सांगतो. कालवा रानाशेजारून वाहतो, पण चारी काढली नाही तर रान कोरडंच राहतं. रस्त्याचं तसंच आहे. मोठा रस्ता झाला म्हणजे गाव पिकलं असं नाही. वळायला जागा पाहिजे, सेवा रस्ता पाहिजे, गाडी थांबायला आन् टपरी मांडायला कड पाहिजे. जिथं गावाला बाहेरून वळण काढलं, तिथं आतल्या पेठेतल्या हॉटेलवाल्याचं गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर जातं. त्याला नव्या फाट्यावर हात-दोन हात जागा कशी मिळेल, हे गावानंच बघायचं.

म्हणून दोन मागणी मागतो. तुमच्या गावात रस्त्याची मोजणी येईल तेव्हा ग्रामसभेत आपल्या गुंठ्यांबरोबर कडेला बसणाऱ्यांचीही यादी करा आन् ठरावात लिहून घ्या. सातबाऱ्यावर नाव नसलं तरी तो आपल्या गावचा आहे. आन् दुसरं, दिंडीचा शिधा सगळाच्या सगळा शहरातून भरून आणू नका. मीठ-मिरची, भाजी, दूध मुक्कामाच्या गावात घ्या. घासाघीस करू नका.

शंभर वर्षं या वाटेवरच्या लोकांनी आपल्याला पाणी पाजलं. आपण त्यांच्या पाया पडतो, त्यांना माऊली म्हणतो. मोजणीच्या दिवशीही म्हणता आलं पाहिजे. मला त्या दिवशी म्हणता आलं नाही.